निरोगी माणसांची वही

नगरच्या मिशन इस्पितळात दुपारचे दोन वाजले की शिकाऊ डॉक्टर मंडळी मागच्या व्हरांड्यातून तपासणीच्या खोलीकडे निघत, आणि पहिल्या महिन्यात तरी बहुतेकांची तोंडं आंबलेली असत. सकाळी सातपासून वॉर्डात उभं राहून पाय भरून आलेले, नुकतंच जेवण झालेलं, आणि त्या खोलीत लिडियाबाई उजागरे वाट बघत बसलेल्या. पांढरं लुगडं, एक काडी मोडल्यामुळं दोऱ्यानं कानाला अडकवलेला चष्मा आणि समोर पितळी दुर्बीण. थेंबातले जीव दाखवणाऱ्या त्या यंत्राला इस्पितळात सगळे दुर्बीणच म्हणत. "या, बसा," एवढंच त्या म्हणत, आणि मग पाचाची घंटा होईपर्यंत कुणाची सुटका नसे.

ही दुपारची शाळा डॉक्टर जॉर्ज रणनवऱ्यांनी १९४२ साली काढली. ते इस्पितळाचे मुख्य. पुण्या-मुंबईच्या मेडिकल स्कूलांतली शेवटच्या वर्षाची मुलं सहा-सहा महिने त्यांच्याकडे शिकायला येत. नाडी कशी बघावी, गळू कसं फोडावं, अडलेली बाळंतीण कशी सोडवावी हे सगळं ती शिकत आणि निघून जात. डॉक्टरांना ते पुरेसं वाटेना. एका सकाळी वॉर्डातच ते मुलांना म्हणाले, "सकाळी रोग्याला बरं करायचं. दुपारी अशी एक गोष्ट शोधायची, जी तुमच्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेली नाही. बारीकशी असली तरी चालेल, पण खरी पाहिजे. मला नुसते डॉक्टर नकोत. डॉक्टरही पाहिजेत आणि शोध घेणारेही, एकाच अंगरख्यात."

दुपारचा कारभार त्यांनी लिडियाबाईंवर सोपवला तेव्हा इस्पितळाच्या कमिटीत कुरकुर झाली. नर्सनं डॉक्टरांना शिकवायचं हे एका सभासदाला काही पटेना. रणनवरे शांतपणे म्हणाले, "दुर्बिणीखालची काचपट्टी त्यांच्याइतकी नीट वाचणारं माणूस या जिल्ह्यात मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर घेऊन या." कुणी आणलं नाही.

खुद्द लिडियाबाईंना मात्र धीर होत नव्हता. घरी गेल्यावर त्या नवऱ्याला, शांतवनला, म्हणाल्या, "अहो, मला इंग्रजी धड येत नाही. ती मुलं मला हसतील."

शांतवन मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवायचा. तो म्हणाला, "हसू दे की. माझी पोरं पहिल्या दिवशी लाकूड तासायच्या रंध्याला हसतात. दुसऱ्या दिवशी बोट सोलपटलं की लक्ष देऊन ऐकायला लागतात."

लिडियाबाई मूळच्या पाचरवाडीच्या. पाथर्डीकडच्या कोरड्या मुलखात, तिसगावपासून दोन कोसांवर ही वाडी. वडील तिथं मिशनच्या शाळेवर मास्तर. मुलगी मराठी सातवी पहिल्या नंबरानं पास झाली तेव्हा तिनं वडिलांना सांगितलं, मला डॉक्टर व्हायचंय. पण त्यासाठी इंग्रजी मॅट्रिक लागे, आणि इंग्रजी शिकवणारी मुलींची शाळा त्यांच्या आवाक्यात नव्हती. मग ती नगरला नर्सिंग शिकली. ती पंचविशीत असताना मुंबईहून एक तपासणीतज्ज्ञ हिवतापाच्या कामासाठी एक पावसाळाभर इस्पितळात राहिले. काचपट्ट्या धुवायला त्यांना कुणीतरी हवं होतं. लिडिया काचपट्ट्या धुवी, आणि धुण्याआधी प्रत्येक काचपट्टी दुर्बिणीखाली धरून बघे. पहिल्या महिन्यात ते रागावले, दुसऱ्या महिन्यात शिकवू लागले, तिसऱ्या महिन्यात त्यांनी एक अवघड काचपट्टी तिच्यापुढं सरकवून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" जाताना दुर्बीण इस्पितळाला ठेवून गेले. डॉक्टर व्हायचं राहिलं याची हळहळ तिला त्यानंतर फारशी झाली नाही. जे बघायला मिळालं होतं, ते पुष्कळ डॉक्टरांना मिळत नव्हतं.

१९४४ सालच्या पावसाळ्यात जी तुकडी आली तिच्यात दोनच विद्यार्थी होते. एक राहुरीची दीना साळवे. बोलणं कमी, अक्षर मोत्यासारखं. दुसरा पुण्याच्या सदाशिव पेठेतला रंगनाथ आगाशे. तो बुद्धीनं तल्लख, हातानं चपळ, आणि आपण हुशार आहोत हे विसरायला त्याला कधी सवड झालेली नव्हती. लिडियाबाई दीनाला 'अगं दीना' म्हणत. रंगनाथला मात्र 'अहो आगाशे' म्हणत, कारण पहिल्या दिवशी तो समोर बसला तोच मुळी पाहुण्यासारखा.

त्या दिवसांत वॉर्डात नारूचे रोगी बरेच होते. नारू म्हणजे हातभर लांबीचा, दोऱ्यासारखा किडा. तो माणसाच्या पायातून फोड फोडून बाहेर यायचा. काडीला गुंडाळून रोज बोटभर काढायचा, तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळायचा. पाथर्डीकडची माणसं ऐन पेरणीच्या दिवसांत पाय धरून बसायची.

"यात शोधायचं काय राहिलंय?" रंगनाथनं विचारलं. "पुस्तकात सगळं आहे. पायऱ्यांच्या विहिरीत नारूवाला माणूस पाय बुडवतो, किड्याची पिल्लं पाण्यात सुटतात, पाण्यातल्या बारीक पिसवा ती गिळतात, आणि ते पाणी माणूस पितो. वर्षानं त्याच्या पायातून नारू निघतो."

"बरोबर आहे," लिडियाबाई म्हणाल्या. "मग हे पाचरवाडीला जाऊन सांगा, आणि तिथली पायऱ्यांची बारव बंद करून या."

सरकारी माणसांनी ते तीनदा सांगून पाहिलं होतं हे रंगनाथलाही ठाऊक होतं. लोकांनी ऐकून घेतलं होतं आणि बारवेत उतरून घागरी भरल्या होत्या. दुसरं गोड पाणीच नव्हतं.

डॉक्टर रणनवऱ्यांनी दोघांना वाडीची घरोघर पाहणी करून यायला सांगितलं. नारूवर काय करता येईल ते वाडीतच कळेल, असं त्यांचं म्हणणं. लिडियाबाई सोबत निघाल्या. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून तिसगावची मोटार कोळशावर चालायची आणि चढ आला की उतारूंना खाली उतरून चालावं लागायचं. शांतवननं दुर्बिणीसाठी आतून कापूस लावलेली सागवानी पेटी करून दिली होती. ती दीनानं सबंध वाट मांडीवर धरली. तिसगावाहून पुढं बैलगाडी.

पाचरवाडीत लिडियाबाईंचा धाकटा भाऊ शमुवेल आता वडिलांच्या जागी मास्तर होता. तिघांचा मुक्काम त्याच्या शाळेत पडला. वाडी एकसष्ट घरांची. मध्ये मारुतीचं देऊळ, देवळामागं बारव, आणि ओढ्यापलीकडं नऊ घरांची ख्रिस्ती आळी. आळीचा स्वतःचा एक आड होता. खोल आणि अरुंद, पोहऱ्यानं पाणी शेंदायचा, आणि पाणी मचूळ.

रंगनाथचं काम झपाट्याचं. दुसऱ्या दिवशी दुपारीच तो वही घेऊन आला. "अडतीस घरांत नारू आहे. कुणाला, किती, कुठल्या पायाला, सगळं लिहिलंय. उद्याच्या मोटारीनं परत जायला हरकत नाही."

लिडियाबाईंनी वही चाळली. लिहिलेलं चोख होतं. त्यांनी विचारलं, "आणि उरलेली तेवीस घरं?"

"त्यांना नारू नाही."

"त्यांना काय विचारलं?"

"जे आजारी नाहीत त्यांना डॉक्टरनं काय विचारायचं?" रंगनाथ हसला. टिंगलीनं नव्हे, त्याला खरंच गंमत वाटली होती.

"डॉक्टर म्हणून काही विचारू नका," लिडियाबाई म्हणाल्या. "पण दुपारचा माणूस म्हणून विचारा. त्याच वाडीत राहतात, तसंच खातात. मग हे कसे सुटले? अडतीस घरांनी आपल्याला जे सांगितलं ते पुस्तकात आहेच. तेवीस घरं काय सांगतील ते कुणालाच ठाऊक नाही." त्यांनी पिशवीतून एक कोरी वही काढली आणि वर मराठीत लिहिलं, 'निरोगी माणसांची वही'.

रंगनाथ वही घेऊन गेला आणि दिवेलागणीच्या आत परत आला. तेवीस घरं एकाखाली एक लिहिलेली. प्रत्येकापुढं तेच. 'बारवेचं पाणी पितात. तब्येत उत्तम. विशेष काही नाही.'

लिडियाबाईंनी चष्मा सारखा करून वाचलं. मग त्या म्हणाल्या, "आगाशे, सतरावं घर कुणाचं?"

"शमुवेल मास्तरांचं."

"ते बारवेचं पाणी पितात?"

"हो. म्हणजे... सगळेच पितात ना."

शमुवेल कोपऱ्यात कंदिलाची काच पुसत होता. त्याचा हात थांबला. लिडियाबाईंचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "मी या वाडीत जन्मले. सोळा वर्षं इथं राहिले. त्या बारवेची एक पायरीसुद्धा मी कधी उतरलेली नाही. आमच्या आळीतलं कुणीच नाही. गाव उतरू देत नाही. लहानपणी आम्ही लांब उभं राहून बघायचो, ते पाणी किती गोड असेल म्हणून. तुम्ही दारात जाऊन विचारलं असतं, तर माझ्या भावजयीनं एका वाक्यात सांगितलं असतं."

रंगनाथचा चेहरा उतरला. दारोदार न जाता वही भरली हे उघडं पडलं होतं, पण त्याहून एक गोष्ट त्याला जास्त बोचली. मास्तरांच्या ज्या बायकोच्या हातची भाकरी तो दोन दिवस खात होता, तिला गावात कुठं पाय ठेवता येतो आणि कुठं नाही, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

तो ते पान फाडायला लागला. लिडियाबाईंनी त्याचा हात धरला. "फाडायचं नाही. खोडायचंही नाही. एक बारीक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी लिहा, 'न विचारता लिहिलं', आणि सही करा. डॉक्टरनं चुकीचं औषध दिलं तर एका माणसाचं नुकसान होतं. शोध घेणाऱ्यानं चुकीचं लिहिलं तर त्याच्यावर विसंबून पुढचे वीस डॉक्टर चुकतात."

त्यानं रेघ मारली, सही केली. मग म्हणाला, "बाई, हे तुम्ही डॉक्टरांना सांगाल?"

"मी कशाला सांगू? वही तेच बघणार आहेत. त्यात तुमची सही आहे."

दुसऱ्या दिवशी तो उजाडताच बाहेर पडला. या खेपेला दीनाही बरोबर होती. दोघांनी ठरवून घेतलं होतं की नारू निघायला वर्ष लागतं, म्हणजे आत्ताचं पाणी विचारून उपयोग नाही. गेल्या साली उन्हाळ्यात कुठलं पाणी प्यायलात, हे विचारायचं.

चौथं घर झुंबरबाईचं. दारात ती मूग निवडत बसली होती. चार मुलं, नवरा, दीर, सगळे ठणठणीत. रंगनाथनं विचारलं, "गेल्या वर्षी उन्हाळ्यात तुम्ही बारवेचंच पाणी पीत होता का?"

"आमी कुटं हुतो हितं?" झुंबरबाई म्हणाली. "दिवाळी झाली आन् गेलो कोपरगावाकडं ऊस तोडायला. ऊस सरला, मंग पाटाच्या कडंला मातीचं काम निगालं. जेष्ठ सरता सरता आलो म्हागारी."

"तिथं पाणी कुठलं?"

"पाटाचं. व्हातं."

रंगनाथनं लिहून घेतलं. पुढच्या घरीही तेच, कोपरगाव. त्याच्या पुढच्या घरीही तेच. दुपार होईतो त्याचं चालणं जवळजवळ पळणं झालं होतं. सातव्या घरी सूर्यभान नावाचा तरणा गडी भेटला. घरातली सात माणसं उसाला गेलेली, सातही निरोगी. पण ओसरीवर एक म्हातारा पायाला चिंधी बांधून पडला होता. ते घर अडतिसांच्या यादीत आधीच आलेलं होतं.

"ह्ये आमचं आबा, कानिफनाथ," सूर्यभान म्हणाला. "ह्यास्नी न्हेलं न्हवतं उसाला. म्हातारं मानूस, गाडीत बसवंना. घर राकायला ऱ्हायलं. ह्यांनाच झाला बगा नारू. आमाला कुनालाच न्हाई."

दीनाच्या हातातली पेन्सिल थांबली. तिनं रंगनाथकडं पाहिलं. एकच घर, एकच चूल, तीच माणसं. सगळ्यांत वेगळी गोष्ट एवढीच की उन्हाळ्यात म्हातारा बारवेपाशी राहिला होता आणि बाकीचे नव्हते.

पुढं आणखी एक घर सापडलं. त्यांचा बैल कोपरगावी मेला म्हणून ते चैत्रातच परत आले होते. त्या घरात तिघांना नारू. मग चित्र स्पष्ट झालं. हिवाळ्यात बारव भरलेली असते, लोक वरच्या पायऱ्यांवरूनच घागर बुडवतात. चैत्रापासून पाणी तळाला जातं, माणसं डबक्यात उभी राहून वाटीवाटीनं भरतात. नारू पोटात जायचे दिवस ते. पाडव्यापासून ज्येष्ठाच्या पुनवेपर्यंत, अडीच-तीन महिने. जे तेवढ्या दिवसांत वाडीत नव्हते, ते सुटले.

संध्याकाळी रंगनाथ शाळेत आला तेव्हा त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलं होतं आणि तो दारातूनच बोलत आला. "बाई, तेवीस घरांतली बारा उसाला गेलेली. नऊ या आळीतली, आडाचं पाणी पिणारी. एकवीस झाली. दोन घरांचं काही कळत नाही, ती इथंच होती आणि बारवेचंच पाणी प्यायली, तरी त्यांना काही नाही."

"ती दोनसुद्धा लिहा," लिडियाबाई म्हणाल्या. "कळलं नाही असंच लिहा."

"लिहिलंय." त्यानं वही त्यांच्यापुढं ठेवली. "बाई, मला अरे-तुरे करत जा. अहो-जाहो केलं की मी अजून पाहुणाच आहे असं वाटतं."

"बरं. मग आधी पाय धुऊन ये," त्या म्हणाल्या.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर लिडियाबाईंना बारव आठवली. लहानपणी ज्या पाण्याकडे लांबून आशेनं बघितलं, त्यातच हा किडा होता. आणि ज्या मचूळ आडाबद्दल आई रोज कुरकुर करायची, त्यानं आळीतल्या नऊ घरांचे पाय सांभाळले होते. त्यांना यात कुणाची जिरली असं वाटलं नाही. त्यांना आपलं थोडंसं हसू आलं, आणि झोप लागली.

आता गावाला सांगायचं होतं. दोघांचे सहा महिने संपले होते, तरी फाल्गुनात तिघं पुन्हा पाचरवाडीला गेले. देवळापुढं माणसं जमली, ख्रिस्ती आळी ओट्याखाली एका अंगाला बसली. रंगनाथनं बारवेच्या पाण्याचा थेंब दुर्बिणीखाली ठेवला आणि गावचे पाटील काकासाहेब यांना बोलावलं. पाटलांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

"वळवळतंय खरं," ते म्हणाले. "पन पान्यात जीव असायचाच की. मासा न्हाई का असत?"

माणसं हसली. रंगनाथनं मग पुस्तकी मराठीत बरंच सांगितलं, आणि त्यातलं कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. लिडियाबाईंनी त्याच्या हातातून वही घेतली आणि नुसती नावं वाचायला सुरुवात केली. कुणाचं घर उसाला गेलं, कुणाचं राहिलं, कुणाचं चैत्रात परत आलं. प्रत्येक नावाला माणसं माना हलवत होती, कारण प्रत्येकाला शेजारच्याचा पाय ठाऊक होता. सूर्यभानच्या घराचं आलं तेव्हा ओट्यावर बसलेला कानिफनाथ म्हणाला, "मला कोपरगावला न्हेलं असतं तर वाचलो असतो म्हना की." त्यानंतर कुणी हसलं नाही.

"मंग काय बारव बंद करायची?" पाटलांनी विचारलं.

"वर्षभर नाही," लिडियाबाई म्हणाल्या. "तीनच महिने पायऱ्या बंद करायच्या. वरून रहाट बसवू, दोरानं शेंदा. कुणाचा पाय पाण्याला लागणार नाही. आणि पाणी लुगड्याच्या दुहेरी पदरातून गाळून प्यायचं. माझे मालक आणि त्यांची शाळेतली पोरं रहाट करून देतील."

"आडाचं पाणी हाय की," झुंबरबाई मागून बोलली. "मचूळ आसलं तरी किडा न्हाई त्यात."

त्या आडाचं पाणी गावानं प्यायचं, ही गोष्ट मोठ्यानं बोलायची कुणाची तयारी नव्हती. काकासाहेब घसा साफ करून म्हणाले, "तीन महिनं म्हन्ता ना? तीन महिन्यानं काय गाव वाळत न्हाई. बसवा रहाट." आडाबद्दल ते काही बोलले नाहीत.

शेजारच्या दुसऱ्या एका वाडीलाही त्यांनी रहाट देऊ केला. तिथली बारव तशीच, नारूही तितकाच. त्या वाडीनं सरळ नाही म्हटलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी शांतवन आपले सहा विद्यार्थी घेऊन पाचरवाडीला पोचला. बाभळीच्या लाकडाचा रहाट उभा राहिला आणि पायऱ्यांच्या तोंडाशी काट्याचं कुंपण पडलं. शमुवेल रोज शाळा सुटली की कुंपण बघून यायचा. त्याच उन्हाळ्यात त्यानं बहिणीला पत्रात कळवलं, 'झुंबरबाई आणि आणखी चार-पाच बाया पहाटे आपल्या आडावर पाणी भरायला येतात. कुणी त्यांना काही बोलत नाही, आणि त्याही कुणाला काही सांगत नाहीत. आपल्या बाया त्यांना पोहरा देतात.' लिडियाबाईंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि पुन्हा पाकिटात घातलं.

मग वर्षभर थांबणं आलं. नारूच्या कामात घाई करून चालत नाही. रंगनाथ परीक्षा देऊन पास झाला आणि पुण्याला एका दवाखान्यात लागला. दीना पास होऊन रणनवऱ्यांच्याच इस्पितळात डॉक्टर म्हणून राहिली. मधल्या काळात नवी तुकडी आली, तिचे निराळे प्रश्न निघाले. मुलांच्या वह्या तपासणारी लिडियाबाईंची लाल पेन्सिल चालू होती.

१९४६ च्या ज्येष्ठात रंगनाथ रजा काढून नगरला आला. मोजणी दुसऱ्या कुणी करावी हे त्याला मान्य नव्हतं. या खेपेला त्यानं पाच दिवस लावले, एकसष्टच्या एकसष्ट घरांत बसून विचारलं. नारू पाच घरांत निघाला. अडतिसाच्या जागी पाच. त्यातल्या तीन घरांनी मोकळेपणानं कबूल केलं की त्यांनी कुंपणाच्या काट्यातून वाट पाडली होती. रहाटाचा दोर ओढायचा कंटाळा यायचा म्हणून.

रंगनाथ लगेच डॉक्टरांना कळवायला निघाला होता. दीनानं त्याला थांबवलं. "यंदा सगळीकडंच नारू कमी झाला असेल तर? मग रहाटाचं नाव कशाला?"

म्हणून ते लिडियाबाईंना घेऊन दुसऱ्या वाडीत गेले, जिनं नाही म्हटलं होतं. तिथं चाळीस घरांपैकी सव्वीस घरांत नारू होता. दोन वर्षांपूर्वीही साधारण तेवढाच होता. परतताना त्या वाडीतला छगन नावाचा शेतकरी गाडीच्या मागं मागं चालत आला. पाचरवाडीला त्याची बहीण दिली होती. तो लिडियाबाईंना म्हणाला, "बाई, आमाला बी त्यो रहाट द्या. आमचं चुकलं म्हना."

"तुमचं काही चुकलं नाही," लिडियाबाई म्हणाल्या. "आम्हालाच तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं. आता आहे." पुढच्या पाडव्याआधीच त्या वाडीत रहाट उभा राहिला.

डॉक्टर रणनवऱ्यांनी रंगनाथ आणि दीनाला बसवून सगळं इंग्रजीत लिहून काढायला लावलं. चार वेळा परत लिहायला लावलं. न कळलेली दोन घरं त्यात होती, कुंपण मोडणारी तीन घरं होती, आणि खाली नावं तीन होती. आगाशे, साळवे, उजागरे. मुंबईच्या एका वैद्यकीय मासिकाकडं लेख गेला. महिन्यानं संपादकांचं पत्र आलं की लेख घेत आहोत, मात्र तिसऱ्या लेखिकेची पदवी लिहायची राहिलेली दिसते, ती कळवावी.

डॉक्टर पत्र घेऊन तपासणीच्या खोलीत आले. "काय कळवू, लिडियाबाई?"

लिडियाबाई काचपट्टी पुसत होत्या. त्यांनी विचार केला. "पदवी नाही असं कळवा," त्या म्हणाल्या. "नाव असू द्या."

लेख छापून आला तो तसाच, दोन नावांपुढं पदवीची अक्षरं आणि तिसऱ्यापुढं काही नाही. शांतवननं अंकाला पुठ्ठा घालून दिला. त्याला त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं, पण बायकोचं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते त्यानं बोट लावून दोघा शेजाऱ्यांना दाखवलं.

रंगनाथ पुढं मुंबईला एका संशोधनसंस्थेत गेला. तिथं सकाळी पाण्यावरचे प्रयोग आणि संध्याकाळी गिरणगावात एका खोलीत दवाखाना, असं त्यानं आयुष्य लावून घेतलं. दर नाताळला त्याचं पत्र येई आणि त्यात एक तरी प्रश्न असे, 'बाई, अमुक ठिकाणी निरोगी कोण ते सापडत नाही, कुणाला विचारू?' लिडियाबाई उत्तरात आपल्या मते कुणाला विचारावं ते लिहीत.

१९४९ च्या जूनमध्ये दुपारच्या शाळेत आठ विद्यार्थी होते. लिडियाबाईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता, म्हणून दुर्बिणीपुढच्या खुर्चीत डॉक्टर दीना साळवे बसल्या. लिडियाबाई मागच्या बाकावर टेकल्या. एका विद्यार्थ्यानं खोकल्याच्या रोग्यांची यादी आणून दिली, तेव्हा दीनानं ती वाचली, परत केली आणि विचारलं, "आणि या घरांत ज्यांना खोकला नाही, त्यांचं काय?" विद्यार्थी गोंधळून इकडं तिकडं बघायला लागला. दीना त्याला पुढचं समजावून सांगू लागली. एकदा तिनं मागं वळून पाहिलं, आपलं काही चुकत असेल तर बाई सांगतील म्हणून. लिडियाबाईंनी मान हलवून तिला पुढं चालू दे म्हटलं, आणि हात पदराखाली घेऊन ऐकत राहिल्या.